दाणा थांबत नाही : कॅमेऱ्यांच्या जोडण्यांची एक उलटतपासणी

जानेवारी संपत आला होता आणि तुरीची आवक जोरात होती. अंबाजोगाईहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका डाळमिलमध्ये आम्ही नववीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. केज, अंबाजोगाई, परळी या आपल्या तालुक्यांतल्या तुरीला लातूरची पेठ जवळची, त्यामुळे डाळमिल ही वस्तू मुलांना ऐकून ठाऊक होती, आतून पाहिलेली नव्हती. तूर साफ करणे, तेल-पाणी लावणे, वाळवणे, भरडणे हे सगळे पाहून झाले. मुलांना खरी उत्सुकता होती ती ‘सॉर्टेक्स’ची. (हे मुळात एका कंपनीचे नाव. आपल्याकडे मात्र रंग पाहून दाणे निवडणाऱ्या कोणत्याही यंत्राला ते चिकटले आहे. आम्ही पाहिले ते यंत्र त्या कंपनीचे नव्हते.)

यंत्राला तीन घसरणी होत्या. दोन चालू, एक बंद. आणि मागच्या ओट्यावर पाच-सहा बायका सूप घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या. जे यंत्र पाहायला मुले आली होती, त्याचेच काम सुपात चालले होते!

यंत्र चालवणारा आमचाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, “सर, एक कॅमेरा गेलाय.”

“मग दुसरा बसवा की.”

“कॅमेरे बाजारात पाहिजे तेवढे आहेत, सर. ह्याच्यात बसत नाहीत.”

नंतर चहा पिताना त्याने मोबाइलवर एक कोष्टक दाखवले. त्याचा धाकटा भाऊ तंत्रनिकेतनात शिकतो, त्याच्या वहीतले. मथळा होता, ‘यंत्रदृष्टीच्या कॅमेऱ्यांसाठी वेगवान डिजिटल जोडण्या’. पाच नावे, प्रत्येकापुढे वेग, केबलची लांबी आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘जुने’ असे शब्द. अशी कोष्टके कॅमेरे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास असतात, तिथून ती वह्यांत येतात आणि परीक्षेत पाठ म्हणून दाखवली जातात. हा लेख म्हणजे त्या कोष्टकाची समीक्षा आहे. पुस्तकांची होते, मग कोष्टकाची का होऊ नये?

आधी यंत्र काय करते ते पाहू. डाळ वरच्या हॉपरमधून तिरप्या पन्हळीवर येते आणि पातळ चादरीसारखी घसरत खाली पडते. पन्हळीच्या टोकाखाली तिच्या पुढून आणि मागून असे दोन कॅमेरे तिच्याकडे पाहत असतात, कारण डाग दाण्याच्या पाठीवरही असू शकतो. हे कॅमेरे आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यासारखे चौकोनी चित्र घेत नाहीत. त्यांच्या संवेदकात एकच आडवी ओळ असते, समजा २०४८ बिंदूंची. दाणे खाली सरकत राहतात आणि कॅमेरा एकामागून एक ओळी वाचत जातो. ओळींवर ओळी रचल्या की चित्र. काळा दाणा, खडा, साल न सुटलेली डाळ दिसली की खाली असलेल्या नोझलच्या रांगेतले नेमके एक नोझल हवेचा फटकारा मारते आणि तेवढा दाणा बाजूला उडतो.

आता गणित. पुढचे आकडे वर्गात मांडण्यासाठी गोल केलेले आहेत, यंत्रागणिक ते बदलतील. पन्हळ सोडताना दाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरू. दर पाव मिलिमीटरला एक ओळ हवी असेल तर सेकंदाला १२,००० ओळी लागतील. एका ओळीत २०४८ बिंदू, प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, म्हणजे ६१४४ बाइट. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ७.४ कोटी बाइट, म्हणजेच ७४ मेगाबाइट. एका कॅमेऱ्याची गरज एवढी.

कोष्टकात परत येऊ. त्यात गिग-ई व्हिजनपुढे ‘१’ लिहिले होते, यूएसबी३ व्हिजनपुढे ‘५’, कोॲक्सप्रेसपुढे ‘६.२५’ आणि कॅमेरा लिंकपुढे ‘२५५’. पाचवे नाव फायरवायरचे, त्यापुढे ‘४००’. एकक वर मथळ्यात बारीक अक्षरांत होते, तेही अर्धवट. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हाली रुपया आणि कलदार रुपया हा भेद आठवत असेल. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, बाहेर इंग्रजांचा कलदार. दोन्ही रुपयेच, पण एकाला एक मोजता येत नसत. या कोष्टकाचे तसेच झाले आहे. एका ओळीत हाली, दुसऱ्या ओळीत कलदार, आणि खाली बेरीज-वजाबाकी मात्र बिनधास्त.

कॅमेरा लिंकचे २५५ हे मेगाबाइट आहेत. गिग-ईचा १ हा गिगाबिट आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून तो १२५ मेगाबाइट होतो. यूएसबीचा ५ हाही गिगाबिटच, पण तारेवरचा. तारेवर संकेत नीट ओळखू यावा म्हणून या पद्धतीत दर ८ बिटांच्या माहितीसाठी १० बिट पाठवावे लागतात. म्हणून ५ मधले ४ च माहितीचे, म्हणजे ५०० मेगाबाइट. पुढे पाकिटांचे पत्ते, पोचपावत्या यांत आणखी काही जातात. कोॲक्सप्रेसच्या ६.२५ लाही हाच ८ आणि १० चा हिशेब लागू, म्हणजे ६२५ मेगाबाइट. गिग-ईच्या १ मधून अशी कपात करायची नसते, तो माहितीचाच वेग आहे. त्यातून फक्त पाकिटांचा खर्च वजा जातो. सगळे एका मापात आणले तर क्रम असा : १२५, २५५, ५००, ६२५. १ आणि ६.२५ यांतले सव्वासहा पटींचे अंतर पाच पटींवर आले. उलट कॅमेरा लिंकचे २५५ हे या चौघांत सगळ्यांत मोठे वाटत होते, ते खाली सरकले. विद्यार्थ्याने कोष्टक पाठ केले असते तर त्याला यातले काहीच दिसले नसते.

आणि आपल्याला हवे होते किती? ७४. म्हणजे या चौघांतली सगळ्यांत ‘मंद’ जोडणीही एका कॅमेऱ्याला पुरून उरते. दोन कॅमेरे एकाच तारेवर टाकले तर मात्र १४८ होतात आणि १२५ मध्ये मावत नाहीत. मग दोन तारा ओढाव्या लागतील, बस्स. वेगाच्या रकान्याने इथे फारसा निर्णय होत नाही. तरी कोष्टकात पहिला रकाना वेगाचाच आणि शेराही त्यावरूनच.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि तिच्यासाठी कोष्टकात रकानाच नाही. कॅमेऱ्याची रेषा आणि नोझल यांत १० सेंटिमीटर अंतर आहे असे समजू. सेकंदाला ३ मीटर वेगाने निघालेला दाणा गुरुत्वामुळे थोडा वेग पकडत हे अंतर सुमारे ३२ मिलिसेकंदांत कापतो. या ३२ मिलिसेकंदांत चित्र तारेतून जायचे, चिपने दाणा चांगला की वाईट ते ठरवायचे आणि झडप उघडायची. तोवर दाण्याचा वेग ३.३ मीटर झालेला असतो. डाळीचा ५ मिलिमीटरचा दाणा नोझलसमोरून जायला दीड मिलिसेकंद घेतो. आता मुलांना विचारा : चित्र पोचायला १० मिलिसेकंद उशीर झाला तर बिघडेल का? नाही बिघडणार. उशीर दर वेळी १० च असेल तर झडप तेवढी आधी उघडायची. पण कधी १०, कधी १२, कधी ९ असा झाला तर? तर हवेचा फटकारा पुढच्या किंवा मागच्या दाण्याला बसेल. चांगली डाळ नाकारलेल्या ढिगात जाईल आणि खडा पोत्यात.

एसटीचे उदाहरण घ्या. रोज बरोबर वीस मिनिटे उशिरा सुटणारी गाडी गावाला चालते, लोक वीस मिनिटे उशिरा घरून निघतात. कधी पाच मिनिटे आधी, कधी अर्धा तास उशिरा सुटणारी गाडी मात्र चुकते. जोडणीच्या बाबतीत उशिरापेक्षा उशिराची अनिश्चितता घातक असते.

हे वर्गात करून पाहता येते. एका मुलाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्याने खाली चिमटीत पकडायची. पट्टी किती पडली ते मोजून वेळ काढायची. १५ सेंटिमीटर पडली तर ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटर पडली तर ०.२०२. दहा वेळा करा. आपण नेहमी या प्रयोगात सरासरी काढून थांबतो. या वेळी सरासरी बाजूला ठेवा आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेळेतला फरक काढा. वरच्या दोन आकड्यांतच २७ मिलिसेकंदांचा फरक आहे. दाण्याची सगळी सवड ३२ ची होती! पडता दाणा माणसाने टिपायचा नसतो, तो सुपात स्थिर ठेवूनच निवडायचा असतो, हे त्या ओट्यावरच्या बायकांना पट्टीवाचून ठाऊक आहे.

या कसोटीवर एकेक जोडणी घासून पाहू. सुरुवात त्यांच्याही आधीपासून करायला हवी. डिजिटल जोडण्या येण्यापूर्वी कारखान्यांतले बरेच कॅमेरे दूरदर्शनच्या पद्धतीचेच असत : ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. आधी एकाआड एक रेषा, मग पन्नासाव्या भागाच्या सेकंदानंतर उरलेल्या. घरी बातम्या पाहायला ही युक्ती उत्तम. पण सेकंदाला ३ मीटर जाणारा दाणा तेवढ्या वेळात ६ सेंटिमीटर सरकतो. अर्धा दाणा इथे, अर्धा तिथे. एका कामासाठी ठरवलेले प्रमाण दुसऱ्या कामाला नुसते उचलून लावले की असे होते, आणि हा दोष पुढेही पुन्हा पुन्हा भेटतो.

कॅमेरा लिंक हे २००० साली अमेरिकेतल्या ऑटोमेटेड इमेजिंग असोसिएशन या उद्योगसंघाने ठरवलेले प्रमाण. त्याच्या मुळाशी असलेली चिप लॅपटॉपच्या पडद्याकडे चित्र नेणाऱ्या तंत्राचे भावंड. २८ बिट एकदम घ्यायचे, चार जोडतारांवरून पाठवायचे, पाचव्या जोडीवर घड्याळाचे ठोके. २८ पैकी २४ बिट, म्हणजे ३ बाइट, चित्राचे. सेकंदाला ८.५ कोटी ठोके. ८.५ गुणिले ३, बरोबर २५.५ कोटी बाइट, तेच ते २५५. यात पाकिटे नाहीत, पत्ते नाहीत, रांग नाही. कॅमेऱ्याने बिंदू वाचला की तो ठोक्यागणिक पलीकडे पोचतो. शिवाय ‘आता चित्र घे’ हे सांगायला चार स्वतंत्र तारा राखून ठेवलेल्या. वेळेच्या बाबतीत इतका प्रामाणिक गडी नंतर झाला नाही, असे माझे मत. कोष्टकात त्याच्यापुढे शेरा काय? ‘जुने’.

त्याचे दोष मात्र खरे आहेत. २६ टाचण्यांचे महाग टोक, १० मीटरच्या आतली केबल, संगणकात वेगळे कार्ड. आणि सर्वांत मोठा दोष असा, की चित्र कसे पाठवायचे ते ठरवले, पण कॅमेऱ्याशी बोलायचे कसे ते ठरवलेच नाही. बोलण्यासाठी तारा दिल्या, भाषा दिली नाही. उजेड किती वेळ आत घ्यायचा हे सांगण्याची आज्ञा एका कंपनीची एक, दुसऱ्या कंपनीची दुसरी. केबल जुळायची, कॅमेरा लागायचा आणि मुका बसायचा. अर्धवट प्रमाणाचा हा उत्तम नमुना आहे.

गिग-ई व्हिजन २००६ चे. शाळेच्या संगणक कक्षात असते तीच इथरनेटची तार, १०० मीटरपर्यंत. स्वस्त, सगळीकडे मिळणारी, तालुक्याच्या गावी कोणीही टोक बसवून देईल अशी. पण इथरनेट जन्मले कार्यालयांतले संगणक जोडायला. चित्राची पाकिटे होतात, पाकिटे रांगेत थांबतात, क्वचित हरवतात. हरवलेले पाकीट पुन्हा मागवायची सोय या प्रमाणात आहे आणि विक्रेते तिची फार स्तुती करतात. औषधाच्या बाटलीवरचा छाप तपासायचा असेल तर ती स्तुती योग्यच. आमच्या डाळीला तिचा उपयोग काय? पाकीट पुन्हा येईपर्यंत दाणा पोत्यात गेलेला असतो. याला एक सुंदर उतारा आहे, तोही याच प्रमाणात, आणि तो कोष्टकात कधीच सापडत नाही. कॅमेरा प्रत्येक चित्रावर स्वतःच्या घड्याळाची वेळ नोंदवतो, आणि दुसऱ्या आवृत्तीपासून तारेवरच्या सगळ्या यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळवून घेता येतात. मग चित्र ८ मिलिसेकंदांनी येवो की १३, नोझलला सांगायचे, ‘अमुक वाजता उघड’. टपाल मागेपुढे झाले तरी पत्रावर लग्नाची तिथी लिहिलेली असली की वऱ्हाड वेळेवर पोचते, तसे. अट एकच, पत्र तिथीच्या आधी यायला हवे.

यूएसबी३ व्हिजन २०१३ चे. वेग चांगला, कार्ड नको, पण साधी केबल तीन ते पाच मीटरची. प्रयोगशाळेच्या टेबलावर ठीक. पीठ-भुसा उडणाऱ्या, थरथरणाऱ्या मिलमध्ये ते टोक मी लावणार नाही.

कोॲक्सप्रेस जपानच्या औद्योगिक संघटनेने २०१० च्या सुमारास पुढे आणले. यातली तार पाहून मुलांना गंमत वाटेल. घराच्या छपरावरून टीव्हीला येते त्याच जातीची, ७५ ओहमची. एकाच तारेवरून चित्र येते, कॅमेऱ्याला वीज जाते आणि उलट दिशेने आज्ञाही जातात. ‘आता चित्र घे’ या आज्ञेला बाकी सगळ्याच्या पुढे वाट मिळते. दुसऱ्या आवृत्तीत वेग दुप्पट, १२.५ गिगाबिट झाला. वेळेची शिस्त आणि वेग दोन्ही असलेले हे प्रमाण खरेच चांगले आहे, फक्त संगणकात महाग कार्ड लागते आणि ७४ मेगाबाइटसाठी ते घेणे म्हणजे एका पोत्यासाठी ट्रक ठरवणे.

राहिले फायरवायर. १९९५ चे हे प्रमाण चित्रासाठी ठरावीक वेळ राखून ठेवत असे, म्हणजे आपल्या कसोटीला उतरणारे होते. त्याचे ४०० हे मेगाबिट, म्हणजे फार तर ५० मेगाबाइट. ते आमच्या ७४ ला कमी पडले असते, पण ते गेले त्याचे कारण हे नव्हे. २०१० नंतरच्या दशकात संगणकांवरून त्याचे छिद्रच नाहीसे झाले. कॅमेरा धडधाकट, लावायला जागा नाही.

हे सगळे पाहिल्यावर माझ्या मते या घराण्यातले सर्वांत मोलाचे काम अशा एका प्रमाणाने केले आहे, ज्याला वेगच नाही, म्हणून कोष्टकात जागाही नाही. त्याचे नाव जेनआयकॅम. युरोपातल्या यंत्रदृष्टी संघटनेने ते सांभाळले. कल्पना साधी आहे : प्रत्येक कॅमेऱ्याने आपली माहितीपुस्तिका स्वतःच्या पोटात बाळगायची. मला काय काय येते, ते सांगायला कोणती आज्ञा द्यायची, कमाल किती, किमान किती, हे सगळे संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक भाषेत. शिवाय नावे एकच. कोणी ‘शटर’, कोणी ‘इंटिग्रेशन’ म्हणत होते, त्याला सगळ्यांनी ‘एक्सपोजरटाइम’ म्हणायचे. गिग-ई व्हिजनने हे सक्तीचे केले आणि कॅमेरा लिंकचा मुकेपणा नंतरच्या जोडण्यांत उरला नाही. कॅमेरा बदलला तरी चालवणारी आज्ञावली तीच राहू शकते. या प्रमाणाची कागदपत्रे कोणालाही उतरवून घेता येतात. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी वहीत कोष्टक उतरवण्यापेक्षा ती दोन पाने वाचावीत.

इथवर आल्यावर आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य पुन्हा आठवते, “ह्याच्यात बसत नाहीत.” कारण त्या यंत्रात यातले एकही प्रमाण नव्हते. दाणे निवडणाऱ्या यंत्रांत कॅमेरा, निर्णय घेणारी चिप आणि झडपा हे बहुतेक वेळा बनवणाऱ्यानेच आपल्या पद्धतीने एकत्र बांधलेले असते. त्याला सबळ कारण आहे. वेळेची शिस्त घरच्या घरी राखणे सोपे जाते. दीड मिलिसेकंदाचा हिशेब पाहिल्यावर त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. पण त्या शिस्तीची किंमत मिलवाला भरतो, आणि भर हंगामात भरतो. वेळ पाळणे आणि भाग बदलता येणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, हे कोॲक्सप्रेसने आणि घड्याळ जुळवणाऱ्या इथरनेटने दाखवून दिले आहे. तरीही यंत्र घेताना ‘आत कोणती जोडणी आहे’ हे विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटलेला नाही. आम्ही पाहिलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकात नोझल किती, ताशी किती टन, अचूकता किती टक्के हे ठळक होते. जोडणीबद्दल एक शब्द नव्हता.

मुलांपैकी एकीने परतताना विचारले, “सर, मग आपल्या बीडची सीताफळं कॅमेऱ्यानं निवडता येतील का?” सीताफळाचे डोळे उघडले, खवल्यांमधल्या रेषा पांढरट झाल्या की फळ उतरवायचे, हे बालाघाटावरच्या पोरांना सांगावे लागत नाही. त्या रेषा कॅमेऱ्याला दिसतील. आणि सीताफळ पट्ट्यावर ठेवले तर ते स्वस्थ बसते, त्यामुळे साध्या गिग-ईवर आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवूनही काम होईल. उत्तर देताना लक्षात आले, की तिने तिसऱ्या रकान्याचा प्रश्न विचारला होता : काम कोणते?

कॅमेऱ्याचा बोर्ड शेवटी कारखान्याकडून आला. तो बसला तेव्हा तुरीची आवक उतरणीला लागली होती आणि ओट्यावरच्या बायकांचा हिशेब मिलवाल्याने आदल्याच दिवशी चुकता केला होता.